कुंकवाखालचे दोन घाव

त्या रविवारी पिंपळटेकची पांदणवाट माणसांनी भरून वाहत होती. दिग्रसच्या बाजूने ऑटो येत होते, ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या येत होत्या, तुरीच्या पिवळ्या फुलांमधून बायकांची रांग हळदीच्या धाग्यासारखी सरकत होती. टेकडीखाली मुरमाची जुनी खदान आहे. खदानीपुढे अबोलनाथ बाबाचा मठ. मठ म्हणजे टिनाचं छप्पर, चार बांबू आणि एक मोठा भोंगा. बायका एका सुरात गात होत्या,

नळीच्या तोंडी बाई, उभा माझा साधुबाळ
गोळीला आलं मौन, थिजला गं कर्दनकाळ

सूर इतका गोड होता की अंगावर काटा यावा. मला काटा आला तो मात्र सुरामुळे नाही. कडुनिंबाच्या बुंध्याशी बाबा छाती काढून उभा होता, आणि त्याच्यापासून वीस पावलांवर धरमसिंग राठोड रिव्हॉल्व्हर घेऊन.

मी अश्वजित. गावातल्या शाळेत शिकवतो. गर्दीत माझ्या शाळेतली निम्मी पोरं आईबापांच्या खांद्यावर बसून हे बघत होती, म्हणून मी तिथे होतो.

नाव अबोलनाथ, पण बाबाचं तोंड क्षणभर मिटत नव्हतं. "गोळी म्हंजे काय वो माय? पोरगीच ते! काडतूस तिचं माहेर, अन् माणसाची छाती तिचं सासर. मी तिले म्हणतो, बाई, सासरी नोको जाऊ, माहेरीच राह्य! ऐकते बिचारी. नवऱ्याचं न ऐकन, बाबाचं ऐकते!"

बायका पदर तोंडाला लावून हसल्या.

"पयले खरं-खोटं पाहून घ्या! धरमसिंग, मार नारळाले!"

बाजूच्या दगडावर नारळ होता. धाड! नारळाची शकलं उडाली, पाणी मुरमात जिरलं, लिंबावरच्या साळुंक्या उडून गेल्या. गोळी खरी, बंदूक खरी. मग धरमसिंगने नळी बाबाच्या छातीकडे वळवली.

खट्.

खट्. खट्. खट्. खट्.

पाच वेळा घोडा पडला, पाच वेळा गोळी बोलली नाही. "अबोलनाथ बाबा की जय!" असा गजर झाला की खदानीतून तो तीनदा परत आला. बाबाने ती पाच काडतुसं रिव्हॉल्व्हरच्या चक्रीतून काढली. त्यांच्या बुडांवर कुंकवाचा जाड थर होता. त्याने ती पाच भक्तांना प्रसाद म्हणून वाटली. पाचवं माझ्या बहिणीच्या नवऱ्याला मिळालं, कपिलला. त्याने ते दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

हे सुरू झालं होतं दसऱ्याला. धरमसिंग फौजेतून निवृत्त झालेला, आता दिग्रसच्या एका जिनिंगमध्ये पहारेकरी. त्याच्या तांड्यात दसऱ्याला सगळी हत्यारं ओट्यावर मांडतात. विळा, कुऱ्हाड, बरची, आणि मधोमध धरमसिंगची परवान्याची रिव्हॉल्व्हर. प्रत्येक हत्याराला कुंकू लावायचं, आणि शेवटी धरमसिंगने आभाळात पाच बार काढायचे. त्या वर्षी त्याने नवीन पन्नास काडतुसांचा डबा आणला होता, कारखान्याचं सील असलेला. पाच बारांपैकी दोन वाजले. तीन वाजलेच नाहीत. त्याने तीच तीन पुन्हा घातली, पुन्हा चाप ओढला. तरी नाही.

भर दसऱ्याला, सगळ्या तांड्यापुढे, फौजी माणसाची बंदूक मुकी झाली. पोरं खुदखुदली. एक म्हातारी म्हणाली, "धरमसिंग, बंदूक म्हातारी झाली का तू?" त्याचं तोंड रिकाम्या घागरीसारखं झालं होतं, असं पाहणारे सांगतात.

तेवढ्यात ओट्याच्या कडेला बसलेला एक उपरा साधू उठला. हात वर केला आणि म्हणाला, "त्याचा दोष नाही गा. मी थांबवली. पाखरं चालली होती आभाळातून."

धरमसिंगने त्याचे पाय धरले. बंदूक वाजली नाही ही लाज होती. साधूने ती थांबवली हा मान झाला. एका वाक्यात लाजेचा मान करून देणाऱ्या माणसाला कोण सोडेल?

तेव्हापासून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसांचा डबा शनिवारी सकाळी मठात पूजेला जायचा आणि रविवारी कार्यक्रम झाल्यावर परत यायचा. काडतुसं बाबा स्वतः भरायचा. डब्यातली कमी व्हायची तेव्हा म्हणायचा, "ब्रह्मात विलीन झाल्या." शनिवारी मठामागच्या रानातून बार ऐकू यायचे. रानडुकरं हाकलायला लोक सुतळी बॉम्ब फोडतातच, कोणी लक्ष दिलं नाही.

मी पाहिला तो दुसरा कार्यक्रम. त्यानंतरच्या रविवारी बाबा दिसला नाही. एकांतात गेला म्हणाले. बुधवारी प्रकटला तेव्हा डाव्या कानावरून भगवं फडकं घट्ट बांधलेलं होतं. "कानाचं मौन धरलं," तो म्हणाला. "एक्केचाळीस दिवस डाव्या कानानं जगाचं आयकणार नाही."

आणि त्याच दमात त्याने घोषणा केली. आता बाबाला उभं राहायची गरज उरली नाही. बाबाचा अभयधागा ज्याच्या मनगटात, त्याच्यापुढेही गोळी मौन धरेल. येत्या रविवारी एक भक्त उभा राहील.

गुरुवारी शाळा सुटताना दीपा आली. माझी धाकटी बहीण. चप्पल दारात न काढताच वर्गात शिरली.

"दादा, ते उभे राहून राह्यले."

"कोण?"

"कपिल. बाबानं त्याइले निवडलं. कालपासून मांस नाही, मीठ नाही. हसून राह्यले नुसते. दादा, मले त्याइच्या हसण्याचं भेव वाटते."

कपिल वीजवाहिनीच्या कामावर ठेकेदाराचा माणूस. खांबावर चढतो. मागच्या पावसाळ्यात त्याच्या डोळ्यांपुढे त्याचा जोडीदार तारेला चिकटून गेला. तेव्हापासून रोज सकाळी डबा हातात घेताना कपिलचे हात थरथरायचे. मनगटात बाबाचा धागा आल्यापासून ते थांबले. तेवढंच नाही, रबरी हातमोजे घालणं आणि तारेत प्रवाह आहे का ते तपासणंही त्याने सोडलं होतं. "धागा हाये न," म्हणायचा.

दीपाने पर्समधून रुमालाची पुरचुंडी काढली. "हे पाह्य. बुद्धाच्या फळीवर ठेवलं होतं त्याइनं, मेणबत्तीच्या बाजूले. बुद्धापुढं गोळी ठेवली, दादा!"

कुंकवाने लिंपलेलं काडतूस होतं ते. मला त्यातलं काही कळत नव्हतं. कळणारा एक माणूस मात्र ठाऊक होता.

गफ्फारभाई पोलीस मुख्यालयात बंदुका दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर दिग्रसच्या बसस्टँडजवळ शिलाई मशिनी दुरुस्त करतात. पुरचुंडी उघडली तशी त्यांच्या हातातली चहाची बशी खाली गेली.

"कुठं ठेवलं होतं म्हणता? मेणबत्तीजवळ? या अल्लाह!"

आतून जोहराबींचा आवाज आला, "ओ जी, ते घरात नोका खोलू! अंगणात जा!"

"खोलत नाही, पुसतो फक्त," म्हणत ते अंगणात गेले. चष्मा पुसला, बोटाला रुमाल गुंडाळला आणि हलक्या हाताने कुंकू पुसू लागले, जसं कोणी तापल्या लेकराचं कपाळ पुसावं. कुंकू तुपात कालवलेलं होतं, निघता निघेना. शेवटी बुडाची पितळी टोपी उघडी पडली.

"मास्तर, इकडं या. काय दिसते?"

"खड्डा आहे."

"किती?"

मी वाकून पाहिलं. खड्डा एक नव्हता. शेजारी शेजारी दोन होते, एक दुसऱ्यात थोडासा शिरलेला.

"तुमच्यापुढं त्यानं या गोळीवर किती खेपा घोडा पाडला?"

"एकदाच. पाच गोळ्या, पाच खट्."

"मग दुसरा घाव कोणाच्या बापानं केला?" गफ्फारभाई खाली बसले. "आयका. घोडा ह्या टोपीवर ठोका देते. टोपीत दारूची चिमूट असते, ते भडकते, अन् आतली दारू पेटते. कारखान्यात मशीन लाखो भरते, कधी एखाद्या खेपेत टोपीतली चिमूट कमी पडते, नाहीतर तेल उतरते. वरून गोळी नवी नवरी, आतून गार. डबा सीलबंद असला तरी होते. ह्या डब्याचा माल बाद हाये. तुमच्या बाबानं शनिवारी एकेक मारून पाह्यली. जे वाजली ते गेली. जे नाही वाजली ते राखून ठेवली. रविवारी तेच पुन्हा भरली. खड्डा दिसू नये म्हणून वरून कुंकू."

"आणि नारळाची?"

"न मारलेली, ताजी. वाजली तर बंदूक खरी ठरली. नाही वाजली तर म्हणन, आज नारळालेही अभय!"

मला हसू आलं. कोडं सुटलं होतं. मी म्हणालो, "म्हणजे कपिलला धोका नाही. गोळ्या मेलेल्याच आहेत."

गफ्फारभाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की माझं हसू जागीच विझलं.

"मेलेल्या कोण म्हणते? झोपलेल्या हायेत, मास्तर. एका ठोक्यात नाही उठत, कधी दुसऱ्यात उठते. अन् कधी ठोका आत्ता, अन् बार मागून. म्हणून फौजेत, पोलिसात, कुठंही एकच शिकवतात. खट् झालं तर नळी समोरच ठेवायची. अर्धा मिनिट हलायचं नाही. नळी आपल्याकडं वळवून पाहायची तर बिलकुलच नाही. मग काढायची, वेगळी ठेवायची, लिहून द्यायचं, दुकानदाराले परत करायचं. पुन्हा मारायची नाही." त्यांनी काडतूस सावलीत ठेवलं. "तुमच्या बाबाचा कान कोणत्या बाजूचा बांधलेला हाये?"

"डावा."

"काहून बांधला, समजलं आता?"

अंगणात ऊन होतं. मी डोळ्यांपुढे ते मठामागचं रान आणलं. खट् झालं, बार झाला नाही, आणि रानात एकटा बाबा नळी वळवून पाहत असताना ती कानाजवळून सुटली. त्यालाही कळलं होतं की झोपलेली गोळी जागी होते. म्हणूनच स्वतः बाजूला सरला आणि कपिलला पुढे केलं. आतापर्यंत मी त्याला लबाड समजत होतो. आता त्या फडक्याखाली मला दुसरंच काही दिसू लागलं.

त्या संध्याकाळी मी कपिलकडे गेलो. दोन घाव दाखवले. त्याने पाहिलेही. मग शांतपणे म्हणाला, "दादा, तुमचं सगळं खरं असन. पण मले रोज खांबावर तुम्ही चढवता का? धाग्यानं चढवलं. आता त्याच्यावर शंका घेतली तर मी उद्या कोणाच्या भरवशावर चढू?"

मी काडतूस परत रुमालात बांधलं. दीपा चुलीपुढे पाठमोरी बसून होती, आणि तिच्या पाठीवरून कळत होतं की ती रडत आहे.

शुक्रवारी मी आणि गफ्फारभाई ठाण्यात गेलो, जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार दिली. फौजदार भले होते, पण म्हणाले, "धरून नेलं तर लोक म्हणतील, पोलिसांनी बाबाले दाबलं. चार महिन्यांनी दुसऱ्या गावात हेच. रविवारी आम्ही येतो. गोळी सुटण्याआधी थांबवू. पण लोकांच्या डोळ्यांपुढं उघडं पाडायचं काम तुमचं."

रविवार उजाडला. गर्दी दुप्पट होती. मोबाईल उंचावलेले होते, जसं कापसाचं शेत हातभर वर उचललं गेलं असावं. कपिल लिंबाला टेकून उभा होता, नवा पांढरा शर्ट, ओठांवर तेच हसू. दीपा पुढच्या रांगेत, दोन्ही मुठी छातीशी. बाबा तीन माणसांच्या आड गादीवर.

बाबाने भरलेली रिव्हॉल्व्हर थाळीतून धरमसिंगला दिली, आणि गफ्फारभाई काठी टेकत मधोमध जाऊन उभे राहिले.

"फौजी," ते मोठ्याने म्हणाले, "कोणती पलटन?"

धरमसिंग दचकला. सवयीने ताठ झाला, पलटनीचं नाव सांगितलं.

"पलटनीत बाद गोळी निघाली तर काय शिकवलं होतं?"

"नळी समोर. हलायचं नाही. मोजायचं. मग..." धरमसिंग अडखळला.

"मग पुन्हा मारायची?"

"नाही."

"आज कोणत्या मारून राह्यला तू? माणसाच्या छातीवर धरण्याआधी बूड पुसून पाह्यशील का एकदा? फक्त पुसायचं हाये. बाबाच्या मंत्राले पुसण्याचं भेव नसन न?"

"पुसली का मंत्र जाते!" बाबा ओरडला. "मुसलमान माणूस, त्याले काय कळते पूजेतलं?"

गर्दीतून एक बाई बोलली. धरमसिंगच्याच तांड्यातली बिजलीबाई, वयाने मोठी, कोणाची भीड न ठेवणारी. "मंत्र गोळीले भेत नाही अन् फडक्याले भेते का रे बाबा? पूस रे धरमसिंग!"

हशा पिकला. धरमसिंगने चक्री उघडली, सहा काडतुसं तळहातावर घेतली आणि फेट्याच्या टोकाने पुसली. पहिलं गुळगुळीत. दुसऱ्यावर खड्डा. तिसऱ्यावर खड्डा. चौथ्या, पाचव्या, सहाव्यावर. तो माणूस तीस वर्षं शस्त्रं हाताळलेला. आपल्याच घोड्याचा घाव त्याने आपल्या लेकराच्या पाऊलखुणेसारखा ओळखला.

"ह्या मारलेल्या हायेत," तो हळूच म्हणाला. भोंगा जवळ होता. सगळ्या खदानीने ते ऐकलं.

फौजदार पुढे झाले. कपिलचा दंड धरून त्याला लिंबापासून बाजूला नेलं. कपिल पाय रोवत होता, "मले उभं राहू द्या" म्हणत होता. लोकही बिथरले. "खड्डा असन! तरी नाही वाजत न! हाच तर चमत्कार!"

"बरोबर बोलले," गफ्फारभाई म्हणाले. "पाहूनच घेऊ. अशी गोळी पुन्हा मारू नये. आज मारतो, कारण नाही मारली तर तुम्ही उद्या माणूस उभा करान." फौजदारांनी सगळ्यांना मागे, दोरीपलीकडे सरकवलं. खदानीच्या भिंतीपुढे मुरमाचा ढीग होता, त्यावर एक लाल भोपळा, गंगाफळ, ठेवलं. कपिलच्या छातीच्या उंचीवर. "फौजी, खड्ड्याच्या पाचच भर. दरखेपी अर्धा मिनिट नळी हलली नाही पाह्यजे."

खट्.

गफ्फारभाई मोजत होते. तीसपर्यंत. गंगाफळ उन्हात बसून होतं.

खट्. पुन्हा तीस. गर्दीत कुजबुज फिरली. बाबाने मान वर केली.

खट्. "बोला!" गादीवरून आरोळी आली. "अबोलनाथ बाबा की जय!" शेकडो गळ्यांनी ती उचलली. हरतो की काय असं वाटलं, आणि दुसऱ्याच क्षणी वाटलं, आपण कशाची इच्छा करतोय?

खट्. चौथी. "अबोलनाथ बाबा की ज..."

धाड!

ठोका पडून गेला होता. लोकांचा जयजयकार निम्मा तोंडाबाहेर आला होता. तेव्हा ती वाजली. गंगाफळ फुटलं, केशरी गर मुरमावर सांडला, बिया वाळल्या पानांवर टपटपल्या. धरमसिंगचा हात हलला नव्हता. शिकवलेलं हाताला आठवत होतं.

दीपा धावली नाही. ती फक्त खाली बसली.

कपिल त्या फुटलेल्या फळाकडे बघत होता. त्याने हळूहळू हात आपल्या छातीवर ठेवला, नेमका तिथे. ओठांवरचं हसू गेलं होतं. त्याचे हात पुन्हा थरथरू लागले होते.

"बाबाचं फडकं सोडा," गफ्फारभाई म्हणाले. शिपायांनी सोडलं. डाव्या कानाची पाळी नव्हती. जखम अजून ओली होती. "हे ज्याले मालूम होतं, त्यानं पोराले उभं केलं. पाहून घ्या."

पाचवी गोळी मारली नाही. धरमसिंगने तीस मोजले, ती काढली, आणि रिव्हॉल्व्हरसकट फौजदारांच्या हाती दिली. मग भोंग्यापुढे उभा राहिला. मोठ्या फौजी आवाजात नव्हे, घरात बोलतात तशा आवाजात म्हणाला, "दसऱ्याले माझी बंदूक वाजली नव्हती. गोळी बाद होती. त्याच दिवशी डबा दुकानात परत द्यायचा होता. मले लाज वाटली. बाबा म्हणे मी थांबवली, मले बरं वाटलं. माझ्या लाजेपायी मी माणसावर नळी धरली. परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या हाती दिली, त्याची शिक्षा घेतो." आणि तो स्वतःच पोलिसांच्या गाडीत जाऊन बसला.

कोणी म्हणेल, लोक भोळे होते. मला तसं वाटत नाही. धरमसिंगला लाज लपवायची होती. कपिलला भीती लपवायची होती. बाबाने मंत्र विकला नाही, पांघरूण विकलं. लाज सांगून टाकली असती तर एक डबा परत गेला असता, एवढंच. भीती शहाणी असते, ती हातमोजे घाल म्हणते, तार तपास म्हणते. तिला धाग्याने बांधू नका, तिचं ऐका. वस्तू चालली नाही तर आधी वस्तू तपासा. चाललीच नाही असं चारचौघांत म्हणा. आणि कोणी म्हणालं की माझ्यामुळे थांबली, तर त्याला पुसून बघू द्यायला सांगा.

सोमवारी कपिल ठेकेदाराच्या दारात बसून राहिला. हातमोजे आणि तपासणीचा दिवा मिळेपर्यंत खांबावर चढला नाही. थरथरत्या हातांनीच बसला होता. दुपारी मिळाले. संध्याकाळी तो, मी आणि एक शिपाई घरोघर फिरलो. दोन रविवारांत बाबाने दहा काडतुसं प्रसाद म्हणून वाटली होती. कुठे देव्हाऱ्यात समईशेजारी सापडलं, कुठे लेकराच्या पाळण्याला दोऱ्याने टांगलेलं, कुठे चुलीवरच्या कोनाड्यात. सगळी वाळूच्या डब्यात गोळा केली.

कपिलचं धरून नऊ मिळाली.

दहावं कोणाकडे आहे ते कोणी सांगत नाही. घेणारा नेर की बाभुळगावकडचा पाहुणा होता म्हणतात. ज्याच्या घरी असेल त्याला हात जोडून सांगणं आहे. ते मेलेलं नाही. त्याला दिव्याजवळ ठेवू नका, ठोकू नका, लेकराच्या हाती देऊ नका. लाजू नका, कोणी हसणार नाही. जवळच्या ठाण्यात कळवा, ते येऊन नेतील. आजच कळवा.